पुरीची शंभर गावं : संडास आले, जुलाब तेवढेच राहिले

ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात 2010 ते 2013 या काळात शंभर गावांत एक अभ्यास झाला. पन्नास गावांत सरकारच्या संपूर्ण स्वच्छता अभियानातून घरोघरी संडास बांधायचे, बाकीच्या पन्नास गावांत अभ्यास संपेपर्यंत थांबायचं, आणि दोन्हीकडच्या लहान मुलांच्या तब्येतीत काय फरक पडतो ते पाहायचं. कोणतं गाव कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ठरवलं होतं. त्यामुळे ‘मुळातच सुधारलेल्या गावांत संडास झाले’ असा आक्षेप घ्यायला जागा नव्हती.

2014 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात निष्कर्ष आले. अभियान झालेल्या गावांत संडास असलेल्या घरांचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर गेलं होतं. थांबलेल्या गावांत ते 8 वरून 12 वर आलं होतं. बांधकामाच्या हिशेबाने कोणत्याही गटविकास अधिकाऱ्याने पाठ थोपटून घ्यावी असं हे काम होतं. मग मुलांचे आकडे पाहिले. मागच्या सात दिवसांत जुलाब झालेली पाच वर्षांखालची मुलं अभियानाच्या गावांत 8.8 टक्के, थांबलेल्या गावांत 9.1 टक्के. म्हणजे फरक नाहीच. जंतांच्या प्रमाणात फरक नाही, वजनात नाही, उंचीत नाही.

हे वाचून दोन प्रकारची माणसं दोन टोकांना जातात. काही म्हणतात, बघा, संडासाचा नि मुलांच्या आरोग्याचा काही संबंध नाही, पैसा दवाखान्यांवर खर्च करा. काही म्हणतात, अभ्यासातच खोट असणार. मला दोन्ही पटत नाही. अभ्यास चोख होता आणि संबंध तर आहेच. जगात दरवर्षी पाच वर्षांखालची साधारण साडेचार लाख मुलं जुलाबाने जातात, आणि त्यातले बहुतेक जंतू कुणाच्या तरी विष्ठेतून कुणाच्या तरी तोंडात गेलेले असतात. प्रश्न एवढाच आहे, की पुरीच्या गावांत बांधलेल्या संडासांनी ही वाट का अडवली नाही.

बांधलं किती, वापरलं किती

पहिलं उत्तर त्याच जिल्ह्यात आधी झालेल्या एका पाहणीत मिळतं. अभियान होऊन तीन वर्षं झालेली वीस गावं तपासली होती. तिथे सरासरी 72 टक्के घरांत संडास होते. पण त्यांपैकी 39 टक्के संडास घरातलं कुणीही वापरत नव्हतं. संडास असलेल्या घरांतल्या माणसांपैकी 37 टक्के माणसं त्यात कधीच जात नव्हती, आणि प्रत्येक वेळी संडासातच जाणारी माणसं निम्म्याहून कमी, 47 टक्के. संडास नसलेली 28 टक्के घरं यात मिळवली, तर गावातली बहुतेक विष्ठा पूर्वीसारखीच उघड्यावर पडत होती.

शंभर गावांच्या अभ्यासातही तेच. ज्या घरांत वापरण्याजोगा, चालू संडास होता त्यांचं प्रमाण निम्म्याहून बरंच खाली राहिलं. संशोधकांनी विहिरी-नळपंपांचं पाणी, घरात भरून ठेवलेलं पाणी, हात, माश्या हे सगळं तपासलं, आणि दूषितता कमी झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलाच्या अवतीभवती जेवढी घाण आधी होती तेवढीच नंतर होती. मग जुलाब कमी व्हावेत कसे?

जंतूंना गावच्या यादीशी देणंघेणं नसतं. आपल्या घरी पांढऱ्याशुभ्र फरशीचा संडास आहे, आणि शेजारच्या चार घरांतली माणसं तळ्याकाठी जातात. पाऊस पडला की ते सगळं तळ्यात उतरतं, तळ्यातल्या पाण्याने भांडी घासली जातात, आणि आपलं पोर त्याच ताटात जेवतं. म्हणून घरचा संडास ही त्या एका घराची खाजगी सोय मानली की हिशेब चुकतो. लस जशी सगळ्यांनी घेतली तर न घेतलेल्यालाही थोडं संरक्षण देते, तसंच इथेही आहे. उलट निम्म्या गावाने संडास वापरला, तर वापरणाऱ्यांच्या मुलांनाही पुरतं संरक्षण मिळत नाही. 63 टक्क्यांचा अर्धा वापर म्हणजे गावाच्या दृष्टीने फार थोडं.

तान्ह्याची शी

ही गोष्ट मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच अभियानात दुर्लक्षित राहिली.

संडास बांधला जातो मोठ्या माणसांसाठी. भांड्याची रुंदी, पाय ठेवायच्या जागा, अंधारी खोली, वर आदळणारं दार, यातलं काहीच दोन वर्षांच्या मुलाला झेपत नाही. ते अंगणात बसतं. चालता न येणारं मूल आईच्या मांडीवर, गोधडीवर किंवा ओसरीवर करतं. आई काय करते? मूठभर गवत किंवा राख घेऊन ते उचलते आणि परसात, उकिरड्यावर, शेताच्या बांधाला टाकते. माखलेलं फडकं तळ्यावर नाहीतर नळपंपाशी धुते. मुलाला पाण्याने धुते, ते पाणी अंगणातच जिरतं. मग हात मातीने घासते किंवा नुसते पाण्याने विसळते आणि चुलीकडे वळते. या सगळ्यात तिची हयगय नाही. दूधपित्या पोराच्या शीला घाण म्हणायचं नाही, हे तिला तिच्या सासूने सांगितलेलं असतं, सासूला तिच्या सासूने. महाराष्ट्रातल्या किती घरांत आजही हेच चालतं ते आपल्या आजूबाजूला पाहावं.

वैद्यकशास्त्र बरोबर उलटं सांगतं. रोटाव्हायरस, शिगेला हे जुलाबाचे जंतू आणि जंतांची अंडी यांचा सगळ्यात मोठा साठा लहान मुलांच्याच पोटात असतो, कारण हे आजार त्यांनाच वारंवार होतात. आणि ती शी पडते तीही दुसरं मूल रांगत असतं त्याच अंगणात. ओडिशातच या विषयावर वेगळी पाहणी झाली तेव्हा दिसलं, की संडास असलेल्या घरांतही बहुतेक लहानग्यांची शी संडासाच्या भांड्यात पोचतच नाही. म्हणजे घरातल्या सगळ्या मोठ्यांनी संडास वापरला असता, तरी त्या घरातली सर्वांत धोकादायक विष्ठा बाहेरच राहिली असती.

बांगलादेशात गाझीपूर, मयमनसिंह, टांगाईल, किशोरगंज या भागांत 2012 पासून साडेपाच हजारांवर गरोदर बायकांच्या घरांत एक प्रयोग झाला. तिथे ही गोष्ट आधीच हेरली होती. यातल्या एका गटाला दोन खड्ड्यांचा चांगला संडास दिलाच, पण त्याबरोबर मुलासाठी प्लास्टिकची पॉटी आणि अंगणातली शी उचलायला लहानसं फावडंही दिलं. गावातलीच एक बाई वारंवार घरी येऊन ते कसं वापरायचं ते बोलायची. पुढच्या दोन वर्षांत जुलाबांचं प्रमाण काहीच न दिलेल्या घरांतल्या मुलांत 5.7 टक्के, तर या घरांतल्या मुलांत 3.5 टक्के दिसलं. उंची मात्र नुसत्या संडासाने वाढली नाही. पूरक आहार दिलेल्या गटांतल्या मुलांचीच वाढली. हे दुसरं वाक्य गाळून पहिलंच सांगायचा मोह अनेकांना होतो. तो टाळला पाहिजे, कारण अर्धा निष्कर्ष घेऊन आखलेली योजना पुढे तोंडघशी पडते.

पाणी कुणी आणायचं

पुरीतले संडास पाणी टाकून वापरायचे होते. बहुतेक घरांत नळ नव्हता. किनारपट्टीच्या ओडिशात लोक संडास का वापरत नाहीत यावर सविस्तर मुलाखती झाल्या, त्यांत बायकांनी जे सांगितलं ते कोणत्याही अभियंत्याने ऐकावं असं आहे. परसाकडे जाऊन आल्यावर शरीर अशुद्ध मानलं जातं. अंघोळ केल्याशिवाय, निदान लुगडं बदलल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय टाकता येत नाही. तळ्याकाठी गेलं की हे सगळं एका फेरीत होतं: तिथेच उरकायचं, तिथेच अंघोळ करायची, तिथेच कपडे धुवायचे, आणि येताना बरोबरीच्या बायकांशी चार शब्द बोलायचे. घरच्या संडासात जायचं तर आधी नळपंपावरून बादली आणायची, भांड्यात पाणी ओतायचं, मग पुन्हा बाहेर जाऊन अंघोळीची सोय बघायची. घरातल्या सात माणसांसाठी रोज एवढं पाणी आणणार कोण? तीच.

अशा घरात संडास म्हणजे सुनेच्या डोक्यावर आणखी दोन-तीन हंडे. तिने तो वापरला नाही तर तिला अडाणी ठरवणं हा अन्याय आहे. आणि ‘वर्तनबदल’ हा शब्द सरकारी बैठकांत ज्या सहजपणे फेकला जातो, तो ऐकून राग येतो. ज्या घरात पाणी नाही त्या घराला वर्तन बदलायला सांगण्याआधी नळ द्यायला हवा.

खड्डा भरला की

अभियानातल्या संडासाला बहुधा एकच खड्डा असायचा. दुसरा पुढे खणता यावा म्हणून पाइपला जोड ठेवलेला. कागदावर हे ठीक दिसतं. एक भरला की वळवायचं, पहिला वर्ष-दोन वर्ष बंद ठेवायचा, आत मैल्याचं कोरडं सोनखत होतं, ते कुणीही उचलू शकतं. पण गावकऱ्याच्या मनात ‘खड्डा भरणे’ याचा अर्थ वेगळा आहे. तो उपसायला कुणाला तरी बोलवावं लागणार, आणि ते काम पिढ्यान्पिढ्या कोणत्या जातींवर लादलं गेलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या जातींतली माणसं आज ते नाकारतात, ते योग्यच आहे. 2013 च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेणं गुन्हाच आहे. मग घरातला कर्ता ठरवतो, की खड्डा भरूच द्यायचा नाही. म्हाताऱ्यांनी, आजाऱ्यांनी, रात्री-अपरात्री बायकांनी वापरावा. धडधाकट पुरुषांनी शेतात जावं. उत्तर भारतातल्या पाच राज्यांत 2014 मध्ये झालेल्या पाहणीत चालू संडास असलेल्या 40 टक्क्यांहून जास्त घरांतलं कुणी ना कुणी तरी उघड्यावरच जात होतं. जातीचा प्रश्न न सोडवता या देशात मुलांचे जुलाब थांबवता येतील असं मला वाटत नाही. गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात भंगीमुक्ती आणि सोपा संडास ही दोन्ही कामं एकत्र हाती घेतली, ती याच समजेतून.

पुरीच्या किनाऱ्यालगतच्या सखल जमिनीत पावसाळ्यात पाणी वर येतं, ही अडचण वेगळीच. आणि जनावरं. त्या गावांतल्या घरात भरलेल्या पाण्याची नि लोकांच्या हातांची सूक्ष्म तपासणी झाली, तेव्हा माणसाच्या विष्ठेबरोबर जनावरांच्या विष्ठेचे अंश मोठ्या प्रमाणावर सापडले. माणसाचा संडास त्याला उत्तर देऊ शकत नाही.

त्याच राज्यात, थोडं दक्षिणेला

गंजाम आणि गजपती हे ओडिशाचेच जिल्हे. तिथे ‘ग्रामविकास’ ही संस्था अनेक वर्षं एका अटीवर काम करते: गावातलं प्रत्येक घर सहभागी होणार असेल तरच काम सुरू. एकही घर मागे राहिलं, मग ते गरिबाचं असो की गावकुसाबाहेरचं, तर गावाला काहीच मिळणार नाही. घरं आधी वर्गणी काढून गावाचा निधी उभा करतात. मग प्रत्येक घराला संडासाबरोबर न्हाणीघर मिळतं, आणि दोन्ही ठिकाणी नळाचं पाणी येतं. पुरीतल्या बायकांनी जी अडचण सांगितली तिचं उत्तर या आराखड्यात आधीच होतं.

अशी 45 गावं आणि त्यांच्याशी मिळतीजुळती दुसरी 45 गावं यांची तुलना 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. काम होऊन वर्षं लोटली होती, तरी या गावांत 85 टक्के घरांत चांगला संडास होता, दुसरीकडे 18 टक्के. तो वापरणारी मोठी माणसं 74 टक्के, दुसरीकडे 13. मुलांत जंतांचा प्रादुर्भाव कमी दिसला, पण त्याचा पुरावा पक्का नव्हता. वयाच्या मानाने उंचीत मात्र सुधारणा होती: त्या वयाच्या निरोगी मुलांच्या उंचीशी तुलना करणाऱ्या प्रमाणित मापाने 0.17. जुलाबांत मात्र इथेही फरक सापडला नाही.

याच अभ्यासातला एक आकडा मी दोनदा वाचला. लहान मुलांची शी संडासात टाकली जाण्याचं प्रमाण 35 टक्के. बाकीच्या गावांतल्या 6 टक्क्यांपुढे हे खूपच चांगलं, पण मोठ्यांच्या 74 टक्क्यांच्या निम्मंही नाही. इतक्या मेहनतीने उभ्या केलेल्या गावांतही दर तीन तान्ह्यांतल्या दोघांची शी बाहेरच. जुलाब न हलण्याचं एक कारण इथे असेल असं मला वाटतं. हे माझं अनुमान आहे, अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे.

उंची हलते आणि जुलाब हलत नाहीत, हे विचित्र वाटेल. पण जुलाब मोजले जातात आईला विचारून, गेल्या आठवड्याच्या आठवणीवर. उंची पट्टीने मोजतात आणि ती जन्मापासूनचा हिशेब सांगते. सतत थोडे थोडे जंतू पोटात जाणाऱ्या मुलाला दरवेळी जुलाब होतातच असं नाही. त्याच्या आतड्याला आतून सूज राहते, अन्न नीट शोषलं जात नाही, जंत आपला वाटा खातात. मूल वरवर धड दिसतं, फक्त वाढत नाही. मालीमधल्या 121 गावांत लोकांनी आपणहून संडास बांधण्याच्या चळवळीनंतर हेच दिसलं होतं: जुलाब तेवढेच, पण मुलं थोडी उंच आणि खुरटलेल्या मुलांचं प्रमाण 41 ऐवजी 35 टक्के. याउलट झिम्बाब्वेच्या मोठ्या प्रयोगात हवेशीर संडास, हात धुण्याची सोय, क्लोरीन, मुलाला खेळायला स्वच्छ चटई एवढं सगळं देऊनही जुलाब हलले नाहीत आणि उंचीही नाही. या विषयात सोपं उत्तर सांगणाऱ्याचं ऐकू नये.

नगर जिल्ह्यातली साठ गावं

आपल्याकडचाही एक प्रयोग आहे, आणि तो मराठी वाचकांत फारसा माहीत नाही. 2004 च्या सुमारास महाराष्ट्र सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने तीन जिल्ह्यांत असा अभ्यास योजला होता. प्रत्यक्षात तो एकाच जिल्ह्यात झाला, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, आताच्या अहिल्यानगरमध्ये. साठ गावं, त्यांतल्या निम्म्या गावांत गावाला एकत्र करून स्वच्छतेची मोहीम. संडासांची वाढ फार नव्हती, साधारण 8 टक्के घरांची. तरी मुलांची उंची सरासरी 0.3 प्रमाणित मापाने वाढलेली दिसली. चार वर्षांच्या मुलात हे सुमारे 1.3 सेंटिमीटर होतात. आणि ज्या घरांनी संडास बांधलाच नाही, त्या घरांतल्या मुलांनाही फायदा झालेला दिसला.

ही शेवटची गोष्ट पुरीतल्या अपयशाची दुसरी बाजू आहे: शेजाऱ्याच्या विष्ठेची वाट अडली की आपल्या मुलाला लाभ होतो. तरीही या आकड्याचा झेंडा करू नये. गावं थोडी होती, अंदाजाची मर्यादा 0.04 ते 0.61 इतकी रुंद आहे. खरा परिणाम जवळजवळ शून्यही असू शकतो आणि दुप्पटही. शेजारच्या मध्य प्रदेशात 80 गावांत असाच अभ्यास झाला. तिथे संडास असलेली घरं 22 ऐवजी 41 टक्के झाली, पण मुलांच्या तब्येतीत काहीच दिसलं नाही.

पुढच्या पाहणीत काय विचारायचं

पुरीचा अहवाल आला त्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 2014 ला, स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. पुढच्या पाच वर्षांत ग्रामीण भागात दहा कोटींहून जास्त संडास बांधले गेले. गावातल्या बाईला पहाटे अंधारात बाहेर जावं लागू नये, एवढ्या एका कारणासाठीही हे काम करण्याजोगं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मुलांच्या आरोग्यासाठी हे केलं म्हणायचं असेल, तर फोटो काढून अपलोड केलेल्या संडासांची संख्या हे माप चालणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही देशातली 35.5 टक्के लहान मुलं वयाच्या मानाने खुजी होती.

दर महिन्याला अंगणवाडीताई घरोघरच्या मुलांचं वजन घेतात. त्यांच्या कामात आणखी नोंदी घालणं योग्य नाही. आधीच त्यांच्यावर नको तेवढ्या आहेत. पण ग्रामपंचायतीची जी पाहणी होतेच, तिच्यातला ‘संडास आहे का’ हा रकाना काढून टाकावा. त्याऐवजी घरातलं कोण कोण काल संडासात गेलं नाही, ते विचारावं, आणि हे बाईला एकटीला विचारावं, घरच्या पुरुषांसमोर नको. संडासात पाणी कुठून येतं आणि ते कोण आणतं, हे विचारावं. पहिला खड्डा भरल्यावर काय करणार, हे विचारावं, आणि उत्तर ‘माणूस बोलावू’ असं आलं, तर दोन खड्ड्यांचा वापर तिथल्या तिथे समजावून सांगावा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल, तर आज सकाळची त्याची शी कुठे टाकली, ते विचारावं. या शेवटच्या प्रश्नासाठी ग्रामपंचायतीने सोबत एक पॉटी नेली, तर तिचा खर्च संडासाच्या बारा हजारांच्या अनुदानापुढे नगण्य असेल.